आधी मला बसू दे

आमच्या ताईला विनोद सांगायचा असेल, तर आधी तिला खाली बसवावं लागतं. थट्टा नाही करत. उभ्या उभ्या खळखळून हसली, की तिचे गुडघे लुळे पडतात, मान पुढे लवते आणि बाईसाहेब जमिनीवर. शुद्ध जात नाही, कानांना सगळं ऐकू येत असतं. फक्त अर्धा-एक मिनिट अंगातला एकही स्नायू तिचं ऐकत नाही. मग उठते, कपडे झटकते आणि विचारते, "हं, पुढे काय झालं?"

ताई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. कपडे शिवते. रस्त्यालगत एका खोलीचं दुकान आहे. दोन मशिनी, एक कटिंगचं टेबल आणि पडद्यामागे एक अरुंद खाट. मशीन एक वेळ बंद पडली तरी चालेल, पण त्या खाटेशिवाय दुकान चालत नाही. दिवसातून दोनदा, अकराला आणि साडेतीनला, ताई दाराला पाटी अडकवते: 'झोपले आहे. वीस मिनिटांनी या.' जुनी गिऱ्हाइकं पायरीवर बसून गप्पा मारतात. एकदा एक नवे गृहस्थ तणतणले, "ही काय धंद्याची रीत झाली?" ताई टेप गळ्यात अडकवत म्हणाली, "मशीनवर झोपले असते ना, तर तुमच्या पँटची चड्डी झाली असती."

यात खोटं काहीच नव्हतं. पाटी लागण्याआधीच्या काळात ती मशीनवर झोपायची आणि हात चालूच राहायचे. एकदा शाळेच्या सहा शर्टांच्या बाह्यांची तोंडं तिने शिवून टाकली होती. टाके मात्र एकसारखे, सरळ रेषेत. गिऱ्हाईक बाईंनी शर्ट उलटापालटा करून विचारलं, "यात मुलांनी हात घालायचे, की भाजी आणायची?"

हे सगळं पंधराव्या वर्षी सुरू झालं. वर्गात झोप, जेवताना झोप, भर परीक्षेत झोप. भुकेला कोंडा, निजेला धोंडा म्हणतात. ताईला धोंडाही लागायचा नाही, भिंतीचा कोपरा पुरायचा. आमचे बाबा सरळ माणूस, गोदामात नोकरीला, पहाटे उठणारे. आळसाची त्यांना चीड. "झोपलेल्याला उठवता येतं," ते म्हणायचे, "झोपेचं सोंग घेतलेल्याला कोण उठवणार?" मी तर तिला घरात आणि घराबाहेरही कुंभकर्ण म्हणायचे. ती कधी उलट बोलली नाही. तिला स्वतःलाही आपण आळशीच आहोत असं वाटत होतं, आणि हे आठवलं की मला आजही माझी लाज वाटते.

आजाराचं नाव कळायला अडतिसावं वर्ष उजाडलं, तेही योगायोगाने. एक नर्सबाई कोटाच्या मापाला आल्या होत्या. त्यांनी आपल्या वॉर्डातला कसलासा किस्सा सांगितला आणि ताई तोंडात टाचण्या धरून हसत हसत खाली कोसळली. नर्सबाईंनी आधी टाचण्या काढल्या, मग प्रश्न विचारले. आठवड्याभरात ताई झोपेच्या डॉक्टरांपुढे होती. त्यांनी तिच्या डोक्याला वायरी चिकटवून एका दिवसात पाच वेळा झोपायला लावलं. "आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी झोप म्हणालं," ताईने घरी येऊन सांगितलं, "आणि मी पहिल्या नंबराने पास झाले."

नार्कोलेप्सी. माणसाला जागं ठेवणारं एक रसायन मेंदूत तयार होतं, ते ताईकडे जवळजवळ नाहीच. गोळ्यांनी फरक पडतो, ठरलेल्या वेळी थोडं झोपलं की बराच पडतो, पण आजार जात नाही. भावना दाटून आल्या की अंग लुळं पडणं हाही त्याचाच भाग. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि उठून गेले. दुसऱ्या दिवशी ते हातगाडीवर खाट घेऊन दुकानात आले, खाटेचे पाय कापून ती बुटकी केली, पडद्यामागे बसवली आणि वर स्वतः आडवे होऊन बघितलं. बाबांची माफी मागायची पद्धत ती. ताईला कळली.

मग मला मुलगी झाली.

ताई बघायला आली ती दारातच थांबली. हात पाठीमागे. "छान आहे गं," म्हणाली आणि कामाचं निमित्त काढून गेली. पुढेही तेच. यायची, झबली शिवून आणायची, लांबूनच बघायची. दोन महिने झाले तरी तिने माझ्या मुलीला हात लावला नाही. जिने मला कडेवर घेऊन वाढवलं, तिला माझी लेक नकोशी का झाली, ते मला कळेना. आणि माझा राग तर कायम नाकावर.

एक दिवस मुलीला घरी नवऱ्याजवळ ठेवून मी दुकानात गेले. बघते तर काय, एक गिऱ्हाईक बाई आरशापुढे ड्रेस घालून बघत होती आणि तिचं बाळ ताईच्या कडेवर! एका हाताने बाळ, दुसऱ्या हाताने खडू. माझ्या पायाची आग मस्तकात गेली. बाई जाईपर्यंत कशीबशी थांबले.

"माझ्या पोरीला काटे आहेत का गं?"

ताईने खडू खाली ठेवला. "काय बोलतेस?"

"परक्याचं पोर कडेवर मिरवतेस. माझीच जड झाली?"

"ते बाळ मला काही इतकं आवडत नाही," ताई म्हणाली. "म्हणून घेता येतं."

तिने गळ्यातला टेप काढून टेबलावर ठेवला.

"तुझ्या लेकीकडे नुसतं बघितलं तरी माझी बोटं सैल पडतात. त्या दिवशी दारात पाठीमागे चौकट धरून उभी होते, तुला दिसलं नाही. हसू दाबता येतं गं मला, सवय झालीय. हिच्यापुढे काय दाबू? हातातून सुटली तर?"

डॉक्टर 'भावना' म्हणाले होते. मी फक्त हसणं लक्षात ठेवलं होतं. मी तिथेच खाटेवर बसून रडले, आणि ताई मला फडक्यांच्या ढिगातलं एक एक फडकं देत राहिली.

"एवढी शिंपीण आहेस," मी नाक पुसत म्हटलं, "हात सुटले तरी बाळ सुटणार नाही असं काहीतरी शिव की."

आठ दिवसांनी तिचा निरोप आला: मुलीला घेऊन ये. तिने जाड सुती कापडाची झोळी शिवली होती, पट्टे दोन्ही खांद्यांवरून जाऊन पाठीवर फुली मारणारे, प्रत्येक जोडावर चार चार टिपा. पाच किलो पीठ घालून तीन दिवस ती झोळी गळ्यात वागवली होती. जमिनीवर गादी पसरलेली, भिंतीला उशा.

"आधी मला बसू दे," ताई म्हणाली.

ती बसली. मी पट्टे बांधले आणि मुलीला तिच्या छातीशी ठेवलं. पोरीने वर बघितलं आणि भलीमोठी जांभई दिली.

"मावशीवर गेली!" मी म्हटलं.

झालं. ताईची हनुवटी खाली आली, हात दोन्ही बाजूंना गादीवर पडले, तळवे उघडे. माझे हात झोळीखाली गेले. पण झोळी जागची हलली नाही. मुलगी आरामात मूठ चोखत होती. ताईला ऐकू येतंय हे मला ठाऊक होतं, म्हणून तिच्या कानाशी वाकून म्हटलं, "पडली नाही, ताई. तुझ्याकडेच आहे."

तिच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं. मिनिटभराने आधी बोटं हलली. मग एक हात हळूहळू वर आला आणि माझ्या लेकीच्या पाठीवर टेकला.

"दमली असशील," मी म्हटलं. "घेऊ का परत?"

"हात तर लावून बघ," ताई म्हणाली.