जावयाला दिलेलं जुनं ताट

आमच्या घरी पाहुण्याला चहा स्टीलच्या पेल्यातून मिळतो. कारण घरात कपबश्यांनी भरलेली तीन कपाटं आहेत. यात विसंगती आहे असं मला मुळीच वाटत नाही, आमच्या ह्यांना मात्र वाटतं. "हे घर आहे का म्युझियम? आणि म्युझियम असेल तर कँटीन कुठाय?" हा त्यांचा ठेवणीतला विनोद. कित्येक वर्षं तोच चाललाय, नवा काही सुचत नाही.

शाळेतून निवृत्त झाल्यावर बायका भजनी मंडळात जातात, मी भंगारात गेले. भिंगारच्या छावणीतले लष्करी अधिकारी बदली झाली की जड सामान मागं ठेवून जातात. त्यात कधी निळ्या काठाची बशी निघते, कधी तोटी फुटलेली पण रूप न गेलेली किटली. तिसगावच्या बाजाराला गेले होते, तर एका म्हाताऱ्या बाईंनी घरातून चिनी मातीची बरणी आणून माझ्या हातात दिली. "घिऊन जा बाई. लई जुनी हाय, सासूची हुती. आता लोनचं प्लास्टिकमधी घालतो आमी." शिवाय पुण्याच्या प्रदर्शनांतून हल्लीच्या मुलींनी घडवलेल्या, मुद्दाम वाकड्या ठेवलेल्या थाळ्या आणते. त्यातली पहिली पाहून हे म्हणाले होते, "सरळ करायची राहिली वाटतं."

पण माझा खरा जीव चांदीवर. सराफ बाजारात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचं दुकान आहे. लोक त्याच्याकडे आजी-पणजीच्या गुलाबदाण्या, तबकं, वाट्या मोडीत देतात आणि मशीनवर नक्षी काढलेली चकचकीत भांडी घेऊन जातात. मोडीतला माल आटवायला जायच्या आत मी आठवड्यातून एकदा तिथं हजर असते. "बाई, तुमच्यासाठीच बाजूला ठेवलंय," असं तो दरवेळी म्हणतो आणि मी दरवेळी त्यातलं निम्मं नाकारते. माल कुणाचा हे मी विचारायचं नाही, त्यानं सांगायचं नाही, असा आमचा करार. मला तो फार सोयीचा वाटायचा. घाट बघावा, काठ बघावा, हातात घेऊन वजनाचा अंदाज घ्यावा आणि घरी आणावं. कोण कशापायी विकून गेलं याच्याशी आपल्याला काय करायचंय? घरोघरी मातीच्या चुली.

त्याच दुकानात मला ते ताट मिळालं होतं. हातानं ठोकून केलेलं, काठावर वेल. कारागिरानं वेल एका बाजूनं सुरू करून फिरवत आणली आणि शेवटी दोन टोकं जुळवताना त्याचं माप चुकलं. उरलेल्या सांदीत त्यानं एक पान आडवं कोंबलं होतं. त्या आडव्या पानावर मी इतकी भाळले की बरेच दिवस ते ताट कपाटात न ठेवता टेबलावरच ठेवलं. येता-जाता बघायचे आणि हसू यायचं.

मुलीच्या लग्नानंतर अधिक महिना आला. जावयाला वाण द्यायचं म्हणजे चांदीचा दिवा, अनारसे आणि ते ठेवायला ताट. सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की मी नवं ताट घेईन. मी वेलीच्या काठाचं काढलं. माझ्याजवळचं सगळ्यात चांगलं तेच होतं, मग दुसरं कशाला द्यायचं? माझी नणंद सगळ्यांदेखत म्हणाली, "अगं, जावयाला मोडीतलं ताट?" मी म्हटलं, "तुझी नजर आधी मोडीत घाल." त्यावर ती जेवेपर्यंत बोलली नाही. माझं तोंड असं आहे, त्याला इलाज नाही.

जावई श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्यात इंजिनिअर. अबोल. अनारसे बाजूला झाल्यावर त्यानं ताट हातात घेऊन फिरवलं आणि विचारलं, "हे एक पान आडवं का आहे?" आमच्या घरात ते पान न दाखवता कुणाला दिसलं नव्हतं, ह्यांना तर दाखवूनही दिसलं नव्हतं. त्या दिवसापासून मी जावयाची भाट झाले. नातेवाइकांत, शेजारी, बँकेच्या रांगेत, जिथं जाईन तिथं त्याचं कौतुक.

मागच्या हिवाळ्यात एका दुपारी सराफाच्या दुकानात गेले. त्यानं नेहमीसारखं "बाई, तुमच्यासाठीच बाजूला ठेवलंय," म्हणत कापडाखालून एक ताट काढून समोर ठेवलं. वेल दिसली. मी बोटानं काठ फिरवत गेले, तशी वाट पाहत असल्यासारखं ते पान बोटाला लागलं. माझ्या लेकीच्या घरातलं ताट इथं, आटायच्या मालात! तिच्या संसाराला काय झालं?

तो म्हणाला, "बाई, बसा जरा." पाणी मागवलं. विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं, पण करार माझाच. शिवाय तो माझा विद्यार्थी, त्याच्यासमोर लेकीच्या घरचं उघडं कसं करू? मी पैसे दिले, ताट पिशवीत घातलं आणि घरी आले. पर्स दुकानातच राहिली होती, ती ह्यांना आणायला पाठवली.

संध्याकाळी मी सगळं सांगितलं. हे म्हणाले, "फोन लाव आणि विचार."

"आणि तिला ठाऊकच नसलं तर? मोलकरणीनं नेलं असलं तर?"

"मग कळेल की तिला."

"आणि सासूनं परस्पर मोडीत दिलं असलं तर? मी विचारायचं आणि तिकडं भांडण पेटायचं."

"मग नको विचारू."

"नको कसं?"

त्यांनी पेपर पुन्हा तोंडासमोर धरला. माझा गोंधळ मात्र वाढतच गेला. कधी वाटे, पैशाची अडचण असेल, पण मग आमच्याकडे मागितले नसते का? कधी वाटे, नणंद म्हणाली तेच खरं, जुनं दिलं म्हणून त्यांना लागलं असेल. पण पान बघून हरखलेला माणूस ते विकेल कसा? की ते हरखणं वरवरचं होतं? की हे ताटच दुसरं, त्याच कारागिराचं, आणि चूक त्यानं दोनदा केली? हे शेवटचं मला फार आवडलं. दोन दिवस मी त्यावर काढले. मग भिंगातून ताट पाहिलं, तर माझ्याच हातून कधीतरी आलेला बारीक पोचा मागच्या बाजूला दिसला. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, ते काही खोटं नाही.

लेकीला मी फोन करतच होते. रोज ठरवायचे, आज विचारायचं. "काय करतेस?" "काही नाही, स्वयंपाक." "जावई?" "सीझन चालू आहे ना, आई." ते खरंच होतं. कारखान्याचा बॉयलर पेटला की त्यांच्याकडे घरातला माणूस घरात दिसत नाही. दिवाळीलाही ती एकटीच एक दिवस येऊन गेली होती, तेव्हाही सीझनच. मग मी हवापाण्याचं बोलायचे आणि ठेवून द्यायचे. मोबाइलवर आवाज ऐकू येतो, माणूस कुठं उभं आहे ते कुठं दिसतं?

शेवटी विहीणबाईंना फोन लावला. मेथीच्या लाडवांचं निमित्त केलं. त्यांचा आवाज उतरलेला.

"काय बोलणार आता," त्या म्हणाल्या. "तुम्ही समजूतदार आहात म्हणून बरं."

मला वाटलं, आला ताटाचा विषय. मी म्हटलं, "जुनं दिलं त्याचं वाईट वाटलं का हो? माझ्या मनात तसं काही नव्हतं."

त्या म्हणाल्या, "नव्या-जुन्याचं काय घेऊन बसलात? नशिबाचा भाग. आम्ही दोघांनाही काही म्हटलं नाही."

"दोघांना?" मी विचारलं. तोवर त्यांच्याकडे कुणीतरी आलं आणि फोन बंद झाला. मी ह्यांना शब्दन्‌शब्द सांगितला. "एका ताटात नशीब कुठून आलं?" हे म्हणाले. त्यांनाही काही उमगलं नाही, आणि यावेळी विनोदही केला नाही. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

त्याच संध्याकाळी मी लेकीला फोन केला. आज विचारायचंच, असं ठरवून. आणि विहीणबाईंकडून न मिळालेलं मेथीच्या लाडवांचं प्रमाण मीच तिला सांगून मोकळी झाले.

संक्रांत झाली आणि नंतरच्या रविवारी लेक न कळवता दारात उभी. वाळलेली दिसत होती. मी पाणी दिलं. तिनं ते एका दमात प्यायलं आणि पेला खाली ठेवायच्या आधीच म्हणाली, "आई, ताट कुठं ठेवलंयस?"

"कुठलं ताट?"

"आई."

"आतल्या कपाटात," मी म्हटलं. "किटल्यांच्या मागं."

"दुकानात जाऊन आले मी. ते म्हणाले, बाईंनी त्याच आठवड्यात नेलं. म्हणजे ओळखलंस ना?"

"ओळखणार नाही? बोट लागल्याबरोबर ओळखलं. कुणी विकलं ते?"

"मी."

हे आतून आले आणि दाराशीच थांबले. तिनं सांगितलं ते असं. दसऱ्यापासून ती श्रीगोंद्यात राहत नव्हती. भांडणतंटा नाही, कुणी कुणावर हात उचलला नाही. दोघांचं जमलं नाही, आणि ते दोघांनी एकमेकांना सांगितलं. सामान वेगळं करताना त्यानं ताट तिच्यापुढे ठेवलं. म्हणाला, हे तुझ्या आईचं आहे, तू ने.

"दिवाळीनंतर तेवढं ताट घेऊन मी नगरला आले होते," ती म्हणाली. "माळीवाड्याला एसटीतून उतरले, रिक्षा केली, सावेडीत आपल्या घराच्या कोपऱ्यापर्यंत आले. तू त्याचं सगळीकडे किती कौतुक करत असायचीस. तोंडानं सांगायचं म्हटलं की जीभच उचलेना. रिक्षा मागं फिरवली आणि सराफाकडे गेले. त्यांना म्हटलं, आटवू नका, आई येईल. आणि माझं नाव सांगू नका. म्हटलं, ती बघेल, ओळखेल आणि मला फोन करून ओरडेल. मग मी सांगेन."

"मी फोन केला होता."

"केलास. मेथीच्या लाडवांत डिंक किती घालायचा ते सांगितलंस."

मला आधी राग आला. असं कुणी सांगतं का, मोडीत ताट टाकून? पोटच्या पोरीनं आईला काय सांगायचं ते सराफाच्या दुकानात ठेवून जायचं? हे सगळं मी बोललेसुद्धा, आवाज चढवून. ती ऐकून घेत होती, आणि तिचा चेहरा सैल होत गेला. ओरडणं तिला हवं होतं ते हेच, एवढं मला बोलता बोलता कळलं आणि मग पुढं बोलवेना.

"रोज फोन वाजला की वाटायचं, आज विचारेल," ती म्हणाली. "मी स्वयंपाक करतेय म्हणायचे. तू काही विचारायची नाहीस. मग मला वाटायला लागलं, तुला कळलंय आणि तुला बोलायचंच नाहीये."

"अगं, मी घाबरले होते गं."

"मीपण."

ह्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. खरं तर तो स्वच्छच होता. आत जाऊन ताट घेऊन यावं असं मला वाटलं, पण आणून त्याचं करायचं काय? जावयाचा राग करायचा तर तो मला आतासुद्धा आवडत होता. लेकीला जवळ घ्यायचं तर ती खुर्चीत ताठ बसलेली. इतके दिवस प्रश्नांनी झोप नव्हती, आणि आता ती समोर होती तर एक धड प्रश्न हाताला लागेना.

"मग राहतेस कुठं?" मी विचारलं.

"पुण्यात. नोकरी लागलीय. एका मैत्रिणीबरोबर खोली घेतलीय."

"आणि जेवणाचं?"

"डबा लावलाय."

"जेवतेस कशात?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या मागच्या कपाटाकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"डब्याच्या झाकणात," ती म्हणाली.