येऊन राहिले

सातवीचं वर्ष अर्ध्यावर असताना आईनं मला पुण्याहून उचललं आणि नागपुरात, प्रताप नगरला मामाकडे आणून टाकलं. आई-बाबांचं बिनसलं होतं. निघताना स्टेशनवर बाबा म्हणाले होते, "तुम्ही व्हा पुढं. मी येतो तिथंच राहायला." त्या एका वाक्यावर माझा सगळा जीव टांगलेला होता.

नव्या शाळेत माझ्या बाकावर आला तो कळमन्याच्या फळबाजारातल्या हमालाचा मुलगा. धिप्पाड, आवाज असा की शेजारच्या वर्गात जावा. मधल्या सुट्टीत सरळ माझ्या डब्यात डोकावला. "काहून गा, इतकंसंच खातो तू?"

"काहून नाही, का म्हणतात," मी सुनावलं.

"वा रे पुणेकर!" तो खो खो हसला, त्याच्यामागून सगळा वर्ग हसला. कसलं डोंबलाचं गाव हे, असं झालं मला. बाबा आले की त्यांना सांगून शाळाच बदलायची, मी ठरवून टाकलं.

दुपारी बाईंनी त्याला कशाला तरी ऑफिसात पाठवलं. तो धावतच परत आला. "अबे, तुझ्या मामीचा फोन होता. तुझे बाबा येऊन राहिले!"

आले, आणि राहिलेसुद्धा! मी त्याला तिथंच मिठी मारली. "सोड नं बे," म्हणत तो लाजला.

शाळा सुटताच घरी पळालो. बाबांचे बूट दारात होते. ते खुर्चीच्या टोकाला बसले होते, मांडीवर एक लहानशी बॅग.

"बाकीचं सामान कुठंय?"

"कसलं सामान, बाळा? रात्रीच्या गाडीनं परत जायचंय." मग त्यांनी सांगितलं, त्यांनी आणि आईनं वेगळं राहायचं ठरवलंय. कायमचं. मी दारात जाऊन त्यांचा एक बूट उचलला आणि पलंगाखाली ढकलला. निघायच्या वेळी त्यांनी वाकून तो बाहेर काढला, आणि लेस बांधली.

दुसऱ्या दिवशी वर्गात शिरताच मी त्याची कॉलर धरली. "खोटारड्या! येऊन राहिले म्हणालास!"

"मंग? मामी म्हणे, निघाले स्टेशनवरून. येऊनच राहिले होते नं तेव्हा!"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इथं 'येऊन राहिले' म्हणजे नुसतं 'येताहेत'. राहण्याशी त्याचा काही संबंधच नाही. मी त्याची कॉलर सोडली.

"आले नाही काय?" त्यानं हळूच विचारलं.

"आले गा," मी म्हणालो. "राहिले नाहीत."