कोरड्या सूटमधलं पाणी

औशाच्या स्टँडवर लातूरची गाडी लागली होती आणि आई सगळ्यांच्या देखत माझ्या गळ्यातला दोरा बदलत होती. जुना विरलाय हे तिला नेमकं निघायच्या दिवशी दिसलं. आम्ही लिंगायत. चांदीच्या लहानशा डबीतलं इष्टलिंग कळत्या वयाआधीपासून गळ्यात. कंडक्टर ओरडत होता, तरी तिने सावकाश गाठ मारली आणि म्हणाली, "कुठं बी जा, पर ह्याला अंगावेगळं करू नको." अप्पा भुसाराच्या दुकानातून तसेच आले होते, हाताला डाळीची भुकटी. त्यांनी बॅग वर चढवली आणि गाडी हलेपर्यंत खिडकीखाली उभे राहिले. अप्पांना उभं असलेलं मी तेव्हाच शेवटचं पाहिलं.

औशात राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखे कुठेकुठे जाऊन पडलेल्यांनो, हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. ज्या गल्लीत नळाला पाणी आलं की हाळी पडायची, तिथला मी, नांदेडजवळच्या विष्णुपुरीला इंजिनिअरिंग करून नॉर्वेतल्या एका बंदरात धक्क्यांचे खांब तपासायच्या नोकरीला लागलो. आर्ने नावाचा माझा साहेब पहिल्याच हिवाळ्यात म्हणाला, होडीतून बघून भागणार नाही, पाण्यात उतरून दाखव, मग पक्का करतो. नोकरी गेली की व्हिसाही जाणार होता. पोहायला मी औशाच्याच तलावात शिकलो होतो. आता सूट हवा होता.

ड्रायसूट म्हणजे गळ्यापासून तळपायापर्यंतचा एकसंध अंगरखा. गळ्याला आणि मनगटांना पातळ रबराचं सील असतं, ते नीट बसलं की आत थेंब शिरत नाही. नवा घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून जाहिरात बघून एका म्हाताऱ्या बाईंकडे गेलो. सूट त्यांच्या नवऱ्याचा होता. "त्यांना लागणार नाही?" मी विचारलं. "आता नाही," एवढंच म्हणाल्या. मग त्या सूटची बाही हातात धरून दारापर्यंत आल्या, आणि मी पायऱ्या उतरायला लागलो तरी सोडेनात. शेवटी मलाच हळूच ओढून घ्यावी लागली.

तो माणूस जाड मानेचा असणार. गळ्याचं सील मला सैल पडलं. आर्नेने नवं चिकटवून दिलं आणि श्वास घेता येईपर्यंत कड थोडी थोडी कापत गेला. रबर फाटू नये म्हणून टाल्कम पावडर लावायची असते. मनगटांवर, मानेवर पांढरे पट्टे उठले. आरशात पाहिलं तर कुणीतरी मला भस्म लावून तयार केल्यासारखं दिसत होतं. मी घाईने पुसून टाकलं.

पाण्यात उतरलो आणि सूट गळला. मनगटं कोरडी. मानेमागून एक गार रेघ निघाली, गळ्याला वळसा घालून छातीवर आली आणि तिचा थेंब बरोबर डबीवर पडला. थोड्या वेळाने दुसरा. पिंडीवर टांगलेल्या अभिषेकपात्रातून पडावेत तसे. पुन्हा उतरलो, सील पुन्हा बसवलं, तरी तेच. बाकी अंगावर कुठे एक थेंब नाही. उन्हाळ्यातही न तापणारा तो समुद्र माझ्या छातीवर काय करतोय, हे मला कळेना, आणि आर्नेचा चेहरा दरवेळी जरा जास्त त्रासिक होत होता.

गळती शोधायची तर मनगटांत बाटल्या आणि गळ्यात चेंडू बसवून सूटमध्ये हवा भरायची आणि वरून साबणाचं पाणी लावायचं. मी तो स्वयंपाकघरात खुर्चीवर ठेवला. दुपारचे तीन, बाहेर अंधार पडलेला. सूट फुगत फुगत ताठ झाला आणि बसला. हात मांडीवर, चेंडूचं डोकं किंचित डावीकडे.

आमच्यात माणूस गेला की त्याला आडवं करत नाहीत. बसवतात, भस्म लावतात, बसवूनच समाधी देतात. अप्पा गेले तेव्हा मला पोचता आलं नाही. फोनवर पाहिलं. भिंतीला टेकून बसलेले, मान किंचित डावीकडे.

मी "अप्पा" म्हणालो. मोठ्याने. मग भीत भीत साबणाचा हात त्या गळ्यावरून फिरवला. कुठेच बुडबुडा आला नाही. सूट ठणठणीत होता. म्हणजे गळती माझ्याच अंगावर होती, आणि माझा हात आपोआप दोऱ्याकडे गेला. सूट चढवताना तो मानेमागे सीलखाली ओढला जात होता आणि त्याच्यावरूनच पाणी आत झिरपत होतं. अंगावर काही दागिना, साखळी आहे का, हे आर्नेने पहिल्याच दिवशी विचारलं होतं. मी बेधडक नाही म्हणालो होतो. लिंग अंगावर आहे असं आम्ही धरतच नाही, ते आमचं अंगच.

आईला फोन केला. "आई, काढावं लागतंय."

"काढू नको. दंडाला बांध. तुझे अप्पा आडात उतरायचे तवा दंडालाच बांधायचे."

"अप्पा? आडात?"

"लग्नाआधी. गाळ काढाया लोकं बलवायचे त्यान्ला. लई दम व्हता. गोडं पाणी लागलं की आधी लिंगावर घालायचे, मंग प्यायचे."

"मला कधी बोलले नाहीत."

"तू इचारलं व्हतं का?"

दंडाला बांधून उतरलो. वर आल्यावर आर्नेने माझ्या छातीवर, पाठीवर हात फिरवून पाहिला. "कोरडा," म्हणाला, "पक्का."

खोलीवर येऊन दोरा सोडला. डबी उघडली तर आत पाणी होतं, तळहाताची खोलगट जागा भरेल एवढं. आर्ने म्हणतो, अंगाच्या उबेने सूटमध्ये वाफ धरते. वाफ बाहीवरही धरायला हवी होती, पण बाही कोरडी होती. समुद्राचं असतं तर खारट लागलं असतं, घामाचं असतं तरी. मी बोट बुडवून जिभेला लावलं. गोडं होतं.

कुणी गाव विचारलं की मी अजून औसाच सांगतो. पण दुकान विकलं, आई बहिणीकडे लातूरला गेली, आणि औशाच्या स्टँडवर आता माझी वाट बघायला कुणी नाही. सूट मी खुंटीला टांगत नाही, त्या खुर्चीतच बसवून ठेवतो. कामावरून आलो की त्याच्यासमोर बसून डबी उघडतो. पाणी असतंच. आधी लिंगावर घालतो, मग पितो.