स्वयंपाकाची पाळी

“आणि आडनाव काय गं तुझं?”

काकूंनी हे विचारलं तेव्हा लाडवांचा डबा माझ्या पिशवीत गेलेला होता. त्यांनीच ठेवला होता, वर्तमानपत्रात गुंडाळून, सुतळी बांधून. शेजारी कुरडयांची पुडी, कैरीच्या लोणच्याची बरणी, एक सुती कुर्ता आणि गुडघ्याला लावायचं मलम. स्वातीताईंच्या आईचं, नागपूरच्या धरमपेठेतलं घर. मे महिना. कूलर घरघरत होता. मी तोंडाला बांधलेला दुपट्टा सोडून खुर्चीवर बसले होते, आणि काकू “माझ्या स्वातीची रूममेट गं बाई” म्हणत माझ्याभोवती नुसत्या भिरभिरत होत्या.

मी आडनाव सांगितलं. नागपुरात आमचं आडनाव सांगितलं की पुढचं सांगावं लागत नाही. तरी काकूंनी विचारलंच, “राहता कुठे?” मी म्हटलं, इंदोऱ्याला. वस्तीच्या नावानेही तेच सांगितलं.

“अच्छा अच्छा,” काकू म्हणाल्या.

मग त्या उठल्या आणि माझ्या मांडीवरच्या पिशवीत हात घालून डबा बाहेर काढला. मग पुडी. मग बरणी. “गर्मी किती आहे बघ. खायच्या वस्तू, प्रवासात खराब होतील.” डिंकाचे लाडू. खराब होतील म्हणे. कुरडया तर उन्हातच वाळवतात! सगळं उचलून त्या आत ठेवून आल्या. पिशवीत उरला कुर्ता आणि मलम. त्यांना काही होणार नव्हतं.

परत येऊन बसल्या आणि अगदी सहज विचारावं तसं विचारलं, “तिकडे तुमच्या रूमवर स्वयंपाक कोण करतं गं?”

मी बोलून गेले, “त्या तिघी करतात. मी भांडी घासते.”

काकूंचा चेहरा मोकळा झाला. “हां. स्वाती म्हणाली होती, सगळं नीट लावून दिलंय म्हणून.”

ते वाक्य मला लगेच कळलं नाही. “येते काकू” म्हणून मी पिशवी उचलली, खाली आले, भावाची स्कूटी सुरू केली. सिग्नलला थांबले. वरून ऊन, खालून डांबराची वाफ. आणि तिथे, मागचा ऑटोवाला हॉर्न वाजवून राहिला असताना, मला कळलं की एक वर्षापासून माझ्याशी काय चाललंय.

आता ते सांगते.

मी नर्स आहे. नागपुरात एका खाजगी दवाखान्यात होते, तिथून शारजाला गेले. ती नोकरी मला स्वातीताईंमुळे कळली. त्या त्याच हॉस्पिटलमध्ये वॉर्ड इन्चार्ज. नागपूरच्या मुलींना बोलावतात, सांभाळून घेतात, असं त्यांचं नाव होतं. विमानतळावर स्वतः घ्यायला आल्या. बाहेर पाऊल टाकलं आणि माझा चष्मा धुरकटला. नागपूरचं ऊन कोरडं, चटका देऊन मोकळं करतं. तिथलं ऊन ओलं. अंगाला चिकटतं ते घरात शिरेपर्यंत सुटत नाही. रस्ते माणसांनी भरलेले, पठाण, मल्याळी, बंगाली, फिलिपिनी, सगळ्यांच्या हातात पिशव्या, सगळे घाईत. मी घाबरले आणि त्याच वेळी मला फार बरं वाटलं. या एवढ्या गर्दीत माझ्या आडनावाचा अर्थ ठाऊक असलेलं कोणी नव्हतं.

वॉर्डात मी फक्त सिस्टर होते. एक म्हातारा पठाण ड्रायव्हर होता, पाय मोडून पडलेला. तो दुसऱ्या कोणाच्या हातून पाणी प्यायचा नाही. “मेरी सिस्टर किधर है?” म्हणून ओरडायचा. मी कप तोंडाला लावला की घटाघटा प्यायचा आणि माझ्या डोक्यावर हात ठेवायचा. मला हे शहर आवडलं. इथेच राहायचं, हे मी पहिल्या महिन्यातच ठरवून टाकलं.

रूमवर आम्ही चौघी. फ्लॅट ताईंच्या नावावर. अमरावतीची मोना, केरळची लिसी, ताई आणि मी. पहिल्याच दिवशी ताई म्हणाल्या, “तू नवीन आहेस. स्वयंपाकाच्या पाळीत तुला नको घालायला. तू भांडी आणि बाथरूम तेवढं बघ.”

मला वाटलं, किती माया! ड्यूटीवरून थकून यावं आणि गरम जेवण ताटात. घरी आईने एवढे लाड केले नव्हते. फोनवर आईला सांगितलं, “आई, ताई मले स्वयंपाकाले हातच लावू देत नाही. लय जीव लावते.”

आई म्हणाली, “पाणी कोन भरते वं तिथं?”

मी हसले. “आई, इथं पाणी मोठ्या बाटलीत येते. दुकानवाला आणून देते, मशीनवर ठेवली का झालं. भरा लागत नाही.”

“हाव, पन ते बाटली मशीनवर कोन ठेवते?”

“लिसी ठेवते. काहून?”

“काही नाही. तब्येत सांभाळजो,” म्हणून तिने फोन ठेवला.

माझी आई उमरेडकडच्या एका खेड्यातली. लहानपणी तिला विहिरीला हात लावू देत नसत. कोणीतरी वरून ओतायचं आणि ती खाली भांडं धरायची. तिने हजार मैलांवरून, फोनवर, दोन प्रश्नांत सगळं ओळखलं. मी शिकलेली, पासपोर्टवाली, मला वर्षभर कळलं नाही. मला ते लाडच वाटत राहिले.

आता एकेक आठवत गेलं. नवीन असताना एकदा मी कुकरची शिटी झाली म्हणून गॅस बंद केला होता. ताई आतून धावत आल्या. “राहू दे, राहू दे, तू बस.” मला वाटलं, भाजेल म्हणून काळजी. एकदा त्यांना ताप होता. सलाईन मी लावलं, रात्रभर उशाशी मी बसले, उलटी मी काढली. सकाळी पेज करायला मी उठले तर म्हणाल्या, “मोनाला उठव, ती करेल.” माझी सुई त्यांच्या नसेत चालत होती. माझ्या हातची पेज पोटात चालत नव्हती. आणि लिसी त्याच स्वयंपाकघरात मासे तळायची, ताई नाकाला रुमाल लावायच्या, पण लिसीच्या हातची चपाती खायच्या. मासे चालत होते. मी चालत नव्हते.

सुट्टी संपवून मी परत गेले. आईने विचारलं, “जाशीन न?” मी म्हटलं, जाईन. जायला तर लागणारच होतं. माझा करार संपत आला होता. तो वाढवायचा तर वॉर्ड इन्चार्जची शिफारस लागते, आणि इन्चार्ज ताई. त्यांनी नाही म्हटलं की व्हिसा गेला. व्हिसा गेला की मी पुन्हा नागपुरात, जिथे शेजारणीसुद्धा विचारतील, काय केलं गं तिथे की काढून टाकलं? नोकरी ताईंच्या हातात, झोपायची कॉट ताईंच्या फ्लॅटमध्ये. बाहेर जावं तर दुपारी रस्त्यावर उभं राहवत नाही. आत बसावं तर खिडकी उघडत नाही, एसीसाठी सगळ्या काचा पक्क्या बंद. मी त्या कॉटवर बसून भिंतीकडे पाहत असे.

“आईने काय दिलं?” ताईंनी विचारलं.

मी कुर्ता आणि मलम दिलं. त्यांनी पिशवी उलटी करून पाहिली. “लाडू? आई म्हणाली होती लाडू करते म्हणून.”

“लाडू दिले होते. मग त्यांनी माझं आडनाव विचारलं. मग काढून घेतले.”

ताईंनी पिशवीची घडी घातली, अगदी कोपऱ्याला कोपरा जुळवून. “आई जुन्या वळणाची आहे. मनावर घेऊ नकोस. मी काही तसं मानत नाही. मानत असते तर तुला घरात ठेवलं असतं का?”

ठेवलं असतं का. मला ठेवलं होतं. उंबऱ्याच्या आत ठेवलं होतं आणि चुलीच्या बाहेर.

इतके दिवस मी ताईंशी त्यांच्यासारखं बोलायचे. धरमपेठेचं मराठी, जपून, पुस्तकातलं. त्या दिवशी तोंडातून आईची भाषा आली. “मंग उद्या मंगळवार माझा, ताई. उद्या मी रांधते.”

मंगळवार मोनाचा असायचा. मोनाने ताईंकडे पाहिलं. ताई म्हणाल्या, “कशाला उगाच त्रास घेतेस?”

“त्रास नाही. मले येते रांधता.”

दुसऱ्या दिवशी ड्यूटीवरून येताना मी बेसन, सुकं खोबरं, खसखस घेऊन आले. पाटवडीचा रस्सा केला. भात लावला, मोठ्या कुकरमध्ये, सगळ्यांच्या. मसाला भाजला तेव्हा सगळ्या फ्लॅटभर वास सुटला. नागपूरच्या माणसाला त्या वासाने भूक लागली नाही असं होत नाही. ताटं मांडली. चार.

मोना म्हणाली, माझं पोट ठीक नाही. आणि डोळे खाली घातले. ताई खोलीतून बाहेर आल्या नाहीत. थोड्या वेळाने बेल वाजली, हॉटेलचा माणूस पार्सल घेऊन आला होता. ताईंनी ते घेतलं, मोनाला आत बोलावलं, दार लागलं. बंद दाराआडून चमच्यांचा आवाज येत होता.

लिसी जेवली. भराभर, उभ्याउभ्या, दाराकडे बघत. बोटं चाटत म्हणाली, “अच्छा है. लेकिन अभी चुप रहो ना. पहले साइन होने दो. बाद में जो बनाना है बनाओ.”

ती वाईट सांगत नव्हती. तिने खरंच खाल्लं. पण मला त्या घासाने काही समाधान झालं नाही. मला भूक होती म्हणून मी जेवले, दोनदा भात घेतला. माझं ताट घासलं, लिसीचं घासलं. ताईंनी आणि मोनाने सिंकमध्ये आणून टाकलेल्या ताटल्या तशाच पडल्या होत्या. त्यांना मी हात लावला नाही.

सकाळी ओट्यावर कुकर नव्हता. तो माझ्या कॉटखाली ठेवलेला होता. रस्सा केलेलं पातेलंही. वर एक झाकण. ताई चहा घेत होत्या. “हे तू ठेव तुझ्याकडे,” त्या म्हणाल्या. “आम्ही दुसरा कुकर आणू. प्रत्येकाची आवड वेगळी असते, वेगळं केलेलं बरं.”

मी शिव्या देऊ शकले असते. इंदोऱ्याची आहे, मला येतात. तोंडापर्यंत आल्या होत्या. मी कुकर उचलला आणि परत ओट्यावर नेऊन ठेवला. त्यांच्या चहाच्या पातेल्याला लागून. ताईंनी कप खाली ठेवला.

“हे बघ,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. त्या कधीच ओरडत नाहीत. “तुझ्या रिन्यूअलचा कागद माझ्याकडे आलाय. वॉर्डात जुळवून घेणारी माणसं लागतात. रूमवरच जुळत नसेल, तर मी काय लिहू?”

म्हणजे हे होतं. एका बाजूला सही, दुसऱ्या बाजूला ओटा. भांडी घासत राहा आणि शहरात राहा. मला एक क्षण वाटलं, घ्यावं ऐकून. एकदा कागद झाला की बघू. लिसी हेच तर सांगत होती. वर्षभर घासलीच होती भांडी, अजून थोडे दिवस. पण वर्षभर मी न कळता घासली होती. आता कळून घासायची, म्हणजे आडनाव विचारून लाडू काढून घेणाऱ्या बाईला मीच पिशवी उघडून द्यायची.

मी म्हटलं, “ताई, लिहा ना. खरं ते लिहा. रांधते म्हणून नको, असं लिहा.”

“वेडी झालीस का? असं कोणी लिहितं?”

“मंग कसं लिहान? काम येत नाही म्हणून? पेशंटला विचारा. उशिरा येते म्हणून? हजेरीच्या मशीनवर अंगठा आहे माझा, पाहा.”

ताई उठल्या आणि बॅग घेऊन निघून गेल्या. मोना बाथरूमच्या दाराशी टॉवेल धरून उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

हे लिहिते आहे तोवर कागदावर सही झालेली नाही. ताईंनी मला नाईटला टाकलंय, सलग. रूमवर कोणी माझ्याशी बोलत नाही. नवा कुकर आला आहे, चकचकीत, त्याच्यावर कोणाचं नाव नाही पण कोणासाठी नाही ते सगळ्यांना माहीत आहे. आईला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, “भेव वाटते का?” मी म्हटलं, “लय वाटते.” ती म्हणाली, “मंग?”

मंग काही नाही. मंगळवारी मी रांधते. नव्या कुकरमध्ये रांधते. भांडी प्रत्येकीने आपापली घासायची, हे मी सांगून टाकलंय आणि त्यांची सिंकमध्ये वाळून राहिलेली मी रोज पाहते आहे. करार वाढवण्याच्या बैठकीला ताई असतील, मॅनेजर असेल, मीही असणार. ताईंना मी तोंडावर सांगितलं आहे आणि तिथे सगळ्यांसमोर पुन्हा सांगणार आहे. काढायचं तर काढा. मी परत जाईन, इंदोऱ्याला, माझ्या आईच्या घरी. पण काहून काढलं ते तुमच्या तोंडाने मोठ्यानं सांगा. तुम्हाला लाज वाटली तर मी सांगते. मला आता वाटत नाही.