मागे फिरवलेले मैल

आमच्या आत्याला राग आला, की ती चष्मा काढून पदराने पुसत बसे. काचा स्वच्छ होईपर्यंत समोरच्याने गुन्हेगारासारखं उभं राहायचं. नगरमधल्या जुन्या गाड्या विकणाऱ्यांनी ते पुसणं पुष्कळदा पाहिलं असेल.

आत्या डॉक्टर होती, एकटी होती, आणि खेड्यांतल्या बाळंतपणांसाठी तिला गाडी हवी होती. नव्या गाडीला नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे, म्हणून जुनी. गाड्या बघायला ती पप्पांबरोबर मलाही नेई. विकणारा मीटरवर बोट ठेवून सांगे, वकीलसाहेबांची गाडी आहे, रविवारी चर्चपुरती बाहेर निघालेली. आणि हे सगळं तो पप्पांना सांगे, जणू आत्या तिथे नव्हतीच. ती तोवर वाकून ब्रेकच्या पेडलचं रबर बघत असे. बहुतेकदा ते झिजून गुळगुळीत झालेलं असे. कोरं करकरीत, नुकतंच बदललेलं दिसलं, तर तिचा संशय दुप्पट. "मीटर कुणीही मागं फिरवतं," ती म्हणे, "झिजलेलं रबर तेवढं भरून दाखवा."

शेवटी तिने घेतली ती सगळ्यांत जास्त पळालेली अँबॅसडर. मालकाने आपणहून सांगितलं होतं, "बाई, लई पळालीय. लपवत न्हाई." निम्मी पळालेली मिळत असताना ही कशाला, म्हणून पप्पा चिडले.

"ती उभी राहून कुजलीय, दादा. ही रोज पळालीय, आणि हिचा मालक खोटं बोलला नाही. अडलेली बाई मागच्या सीटवर असताना मी मीटर बघत बसू?"

त्या गाडीने तिने कोल्हार केलं, सोनई केली, दुष्काळात खडी फोडणाऱ्या बायकांच्या कामांवर धूळ खात फिरली. मी शेजारी गप्प बसलेली असे. एकदा ती म्हणाली, "नको बोलूस. पण कुणी विचारलं, तर खोटं सांगू नकोस."

पुढच्या उन्हाळ्यात ती हृदयविकाराने गेली. महिना झाला नसेल, पप्पांनी गाडी विकायला काढली आणि मीटर मागे फिरवून आणलं. सगळेच करतात, म्हणाले. मी मीटरकडे बघत राहिले. तिचे सगळे रस्ते त्यांनी पुसून टाकले होते. जिच्यापुढे कुणाचं खोटं कधी पचलं नव्हतं, तिच्याच गाडीला तिच्या भावाने खोटं बोलायला लावलं होतं. मला फार राग आला.

गिऱ्हाईक सोनईचं होतं, पागोटं बांधलेले एक बागाईतदार. पप्पा मीटर दाखवत होते. बागाईतदारांनी सहज माझ्याकडे वळून विचारलं, "पोरी, खरंच एवढीच पळालीय का गं?"

"नाही काका," मी म्हणाले. "मीटर फिरवलंय. वाकून ब्रेकचं रबर बघा."

पप्पा म्हणाले, तिला गाडीतलं काय कळतंय. पण म्हातारबा वाकले होते. बराच वेळ बघून उठले, इंजिन सुरू करून ऐकलं, आणि मग पप्पांना सोडून मला म्हणाले, "डॉक्टरीणबाईंची ना? मग पळालेली असनारच. घेतो."

भाव अर्थातच पाडून घेतला. गाडी सोनईच्या रस्त्याला लागली, मीटरवर तो खोटा आकडा घेऊन.

मला आता चष्मा लागला आहे. त्या दिवशी तू माझं नाक कापलंस, हे पप्पा अजूनही जेवताना काढतात. मी चष्मा काढते आणि पुसत बसते.