क्लच प्लेट कोणावर जाळायची

गाडी कंपनीच्या गेटवरच्या चढाला तिसऱ्यांदा बंद पडली तेव्हा शेजारी बसलेले आमचे विभागप्रमुख सर हसले नाहीत. त्यांनी सीटबेल्ट सोडला आणि दार उघडले. गाडी अर्धी गेटात, अर्धी हायवेच्या कडेला. मागे केळीच्या रोपांनी भरलेला टेम्पो हॉर्न वाजवत उभा. वॉचमन, टेम्पोवाला, ट्रे उचलणाऱ्या चार बायका, सगळे हातातले काम थांबवून पाहत होते. सर माझ्या खिडकीशी आले आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"मॅडम, बाटलीत रोपं वाढवणं वेगळं आणि गाडी चालवणं वेगळं. घरी कधी गाडी नव्हती ना तुमच्या? हे रक्तात असावं लागतं. उतरा."

मी उतरले. वॉचमनने गाडी एका दमात मागे घेतली. चाचणीत मला नशिराबादपर्यंत जाऊन परत यायचे होते. मी गेटसुद्धा ओलांडले नाही.

रक्तात. हा शब्द त्यांनी एका जैवतंत्रज्ञान शिकलेल्या बाईला ऐकवला होता.

मी जळगावजवळच्या एका प्रयोगशाळेत टिश्यू कल्चरची केळीची रोपे तयार करते. एका कंदाच्या तुकड्यापासून हजारो रोपे. सगळी एकाच रक्ताची म्हणा हवे तर. त्यातले एखादे वाढले नाही, तर आम्ही त्याच्या कुळाची चौकशी करत नाही. त्याला काय दिले होते आणि काय द्यायचे राहिले, हे आधी तपासतो. चार वर्षे मी हेच केले. पण माझी रोपे रावेर-यावलच्या जमिनीत गेल्यावर का सडतात, हे मला आजही दुसऱ्याने लिहिलेल्या अहवालातून वाचावे लागते. अहवाल लिहिणारा मुळे उकरून पाहत नाही. मला पाहायची आहेत. त्यासाठी क्षेत्र अधिकाऱ्याची जागा हवी. यंदा ती एकच निघाली. अर्ज दोन आले. एक माझा, दुसरा माझ्यानंतर दीड वर्षाने लागलेल्या निखिलचा. अट अशी की कंपनीची जुनी गिअरची गाडी स्वतः चालवता आली पाहिजे. ड्रायव्हर मिळणार नाही.

अट रास्त होती. म्हणून कच्चे लायसन्स काढले आणि ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातले.

त्या स्कूलचे मालक आणि शिकवणारे एकच. सगळे त्यांना भाऊ म्हणत. पहिल्या दिवशी त्यांनी फॉर्म भरून घेतला.

"पूर्ण नाव?"

मी सांगितले. माझे आडनाव गावावरून पडलेले आहे. ते तीन-चार जातींत सापडते. त्यामुळे ऐकणाऱ्याचे समाधान होत नाही आणि तो पुढचा प्रश्न विचारतो.

"गाव कोणतं?"

"शिंदखेडा तालुका. दोंडाईच्याजवळ."

"ते झालं. पण तुम्ही कोणत्यातले?"

"बौद्ध."

"अच्छा अच्छा." त्यांनी पेनाला टोपण लावले. फॉर्ममध्ये त्या उत्तरासाठी रकाना नव्हता. उत्तर मात्र त्यांना हवे होते.

सकाळी सातच्या बॅचला आम्ही दोघी. मी आणि पल्लवी. पल्लवी रावेरकडच्या मोठ्या केळीबागायतदारांची मुलगी, शिकायला जळगावात राहणारी. एक जण चालवी, दुसरी मागे बसे. भाऊ शेजारच्या सीटवर. त्यांच्या पायांशी क्लच आणि ब्रेकची आणखी एक जोडी होती, शिकाऊ माणूस चुकला तर सावरायला. ती आमच्या पेडलांना खालून सळईने जोडलेली.

पल्लवी चालवायची तेव्हा गाडी सारखी बंद पडायची. आचके द्यायची. एकदा आकाशवाणी चौकात तिने तीन सिग्नल घालवले. भाऊ ओरडायचे, "अगं हळू सोड ना, क्लच आहे तो, बैलाचा कासरा नाही." ती रडकुंडीला यायची. ते पुन्हा करायला लावायचे.

माझी गाडी एकदाही बंद पडली नाही. अठरा दिवसांत एकदाही. भाऊ माझ्यावर कधी ओरडले नाहीत. म्हणायचे, "ताईंचा हात छान बसला." मी पल्लवीला समजावायचे, "पाय सावकाश वर आण, इंजिनचा आवाज ऐक." मी. तिला. हे आठवले की आजही माझे मलाच तोंड दाखवावेसे वाटत नाही.

अठराव्या दिवशी सरांनी चाचणी घेतली. पुढचे सांगितलेच आहे.

त्या संध्याकाळी मी खोलीवर वही घेऊन बसले. रडू आले होते, ते आधी उरकून घेतले. मग जे दिसले ते लिहिले. स्कूलच्या गाडीत बंद पडण्याचे प्रमाण शून्य. कंपनीच्या गाडीत तीनपैकी तीन. पाय तोच. मग बदलले काय? आठवत गेले तसे एक लक्षात आले. कंपनीच्या गाडीचे क्लच पेडल जड होते, दाबायला जोर लागत होता. स्कूलच्या गाडीचे लोण्यासारखे. मला ते गाडीचे वैशिष्ट्य वाटले होते. पण पल्लवी त्याच गाडीतून उतरल्यावर पोटरी चोळत असे. एकच पेडल एकीला जड आणि दुसरीला हलके कसे?

एकोणिसाव्या दिवशी मी दोन गोष्टी करून पाहिल्या.

पल्लवी चालवत असताना मी मागच्या सीटवर मधोमध बसले आणि पुढच्या दोन सीटच्या फटीतून भाऊंचे पाय पाहिले. ते पेडलांपासून दूर, सीटखाली ओढून घेतलेले होते. गाडी दोनदा बंद पडली, तरी पाय हलले नाहीत.

मग मी चालवायला बसले. मेहरूणच्या रस्त्याला दुसऱ्या गिअरमध्ये होते. भाऊ म्हणाले, "टाका तिसरा." मी हात गिअरवर नेला आणि डावा पाय क्लचवरून चांगला दोन बोटे वर उचलला. नजर क्षणभर खाली टाकली.

पेडल आपोआप खाली गेले. माझ्या रिकाम्या पायाखाली, एकटे. गिअर पडला. पेडल सावकाश वर आले, अगदी नीट, हळुवार, जसे यायला हवे तसे. गाडीने साधा आचकाही दिला नाही.

"शाब्बास," भाऊ म्हणाले.

एवढे दिवस मी क्लच दाबत नव्हते. भाऊ दाबत होते आणि माझा पाय त्या पेडलावर बसून वर-खाली जात होता, जत्रेतल्या पाळण्यात बसल्यासारखा. मला शिकवले जात नव्हते. मला फिरवले जात होते.

मी गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केले आणि चावी काढून हातात ठेवली.

"भाऊ, पाय मागे घ्या."

"काय?"

"पल्लवीच्या वेळी घेता तसे."

ते थोडे हसले. "ताई, तिच्या घरी दोन गाड्या उभ्या आहेत. तिला उद्यापासून चालवायचीय. तुम्हाला काय, लायसन्सशी काम. ते देऊ ना काढून. टेस्टला मी बसतोच बाजूला."

"मला चालवायची आहे. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

"सांगतात सगळे. तुमच्या लोकांना सर्टिफिकेट झालं की झालं."

"माझे कोणते लोक?"

यावर त्यांनी आरसा नीट केला. मग आवाज चढवला. "क्लच प्लेट काय झाडाला लागते का? शिकणारा पाय प्लेट जाळतो. प्रत्येकावर जाळत बसलो तर गाडी महिनाभरात गॅरेजला. बघून जाळावी लागते, ताई. कोणाच्या उपयोगाला येणार ते बघून."

म्हणजे हिशोब साफ होता. शिकताना चूक होणार, चुकीत काहीतरी जळणार, आणि ते कोणासाठी जळू द्यायचे, हे ठरलेले होते. टोपण लावताना ठरले होते. माझ्याशी ते उद्धट वागले असते तर मला पहिल्याच दिवशी कळले असते. ते गोड वागले. चुकायची संधी काढून घेतली आणि वर शाब्बासकी दिली.

मी मागे वळून पाहिले. पल्लवी फोनकडे बघत होती.

"तुला दिसत होतं?"

"अगं, मला वाटलं तुला माहीत असेल," ती म्हणाली. "मला वाटलं, तुला भीती वाटते म्हणून तूच त्यांना सांगितलं असशील."

"विचारलंस का कधी?"

"नाही." तिने फोन पर्समध्ये टाकला. "तू मला क्लचचं समजवायचीस, तेव्हा मला कसंतरी व्हायचं."

कसंतरी. तिला कसंतरी झाले होते. तेवढ्यावर तिचे भागले होते.

स्कूलच्या ऑफिसात परतल्यावर भाऊंनी रोजच्याप्रमाणे शिकवणीची नोंदवही पुढे केली. रोज शिकलेल्या गोष्टीसमोर शिकणाऱ्याने सही करायची, अशी पद्धत. मी अठरा सह्या केल्या होत्या, न वाचता. त्या दिवशीच्या ओळीत छापल्यासारख्या अक्षरात लिहिलेले होते, 'क्लच व गिअर सराव'. मी समोर लिहिले, 'क्लच मला शिकवलेला नाही. पहिल्या दिवसापासून शिकवणाऱ्याने स्वतः दाबला.' खाली सही, पूर्ण नाव. मग त्या पानाचा फोटो काढला.

भाऊ वाचून उभे राहिले. "हे काय लिहून ठेवलं? उद्या तपासणीला कोणी आलं तर?"

"म्हणूनच लिहिलं."

"ताई, एवढ्याशा गोष्टीचं तुम्ही लोक..." ते थांबले. वाक्य त्यांनी पुरे केले नाही. मला ते पाठ आहे.

उरलेले दिवस मी तिकडे गेले नाही. शनिवारी पॅसेंजरने दोंडाईच्याला गेले. तिथे माझे मामा व्यापाऱ्यांची मिरची वाहतात, स्वतःच्या जुन्या पिकअपमध्ये. त्यांच्या गाडीला पेडलांची एकच जोडी आहे. मिरची वाळवायच्या मोकळ्या पठारावर त्यांनी मला बसवले, स्वतः शेजारी बसले आणि हात छातीवर बांधून घेतले. मिरचीच्या खकाण्याने डोळे चुरचुरत होते. पहिल्याच झटक्याला गाडी बंद पडली.

"बंद पडनी," मी घरच्या अहिराणीत म्हणाले.

"पडू दे. चालू कर."

पुन्हा पडली. पुन्हा चालू केली. गाडीला जळका वास येऊ लागला तेव्हा मीच घाबरून थांबले. "मामा, प्लेट जळी राहिनी."

"जळू दे ना, माय. प्लेट जळासाठेच ऱ्हास. बठ्ठासनी जाळेल शे. मी तं मालकनी जाळी व्हती, शिव्या खाद्या." सगळ्यांनीच जाळलेली असते, त्यांनी तर मालकाच्या गाडीची जाळली होती, असे सांगून ते बाहेर थुंकले. "आते पाय उचल, हळू."

त्या दिवशी गाडी तेवीस वेळा बंद पडली. मी मोजले. तेवीसही वेळा ती माझ्यामुळे बंद पडली होती, आणि प्रत्येक वेळी का पडली ते मला सांगता येत होते. पोटरी दुखून मला जिना चढता येईना. पुढच्या शनिवारी आठ वेळा. त्यानंतरच्या रविवारी मी रिकामी पिकअप नरडाण्यापर्यंत नेली आणि आणली, वाटेत पुलाच्या चढावर मुद्दाम थांबवून पुन्हा उचलली. मामा सगळ्या वाटेत एकदाच बोलले, ते म्हशी आडव्या आल्या तेव्हा.

सोमवारी कँटीनमध्ये मी निखिलला विचारले, "तुझी चाचणी कधी झाली?"

तो मुलगा खोटा नाही. कपात बघत म्हणाला, "माझी नाही झाली. खरं सांगू का, मी कार कधी चालवलीच नाही. लायसन्सही कच्चंच आहे. पण मला कोणी विचारलंच नाही."

मी सरांच्या केबिनमध्ये गेले आणि माझी चाचणी पुन्हा घ्या म्हणाले.

"अहो, निखिलचं नाव गेलंसुद्धा वर."

"त्याची चाचणी न घेता?"

"त्याला कशाला चाचणी? शेतकऱ्याचं पोर आहे. ट्रॅक्टरवर वाढलंय."

"माझे वडीलही आयुष्यभर शेतातच राबले, सर. दुसऱ्यांच्या. तुम्ही मला ट्रॅक्टरवर वाढलेली धरलं नाही."

सर खुर्चीत मागे रेलले. "मॅडम, तुम्ही हुशार आहात. लॅबचा कणा आहात. एवढं ताणू नका. पुढच्या वर्षी जागा निघाली की बघू."

पुढच्या वर्षी. आमच्या घरात हा शब्द माझ्या आजोबांपासून चालत आलेला आहे. तो माझ्यापाशी थांबवायचा, असे मी केबिनच्या दारात ठरवले.

त्याच दुपारी मी मुख्य कार्यालयाकडे लेखी अर्ज दिला. त्यात तक्रारीचा सूर नाही. प्रयोगाची पद्धत लिहावी तसा तो लिहिला आहे. दोन्ही उमेदवारांची चाचणी व्हावी. गाडी तीच, रस्ता तोच, दिवस तोच. शेजारच्या सीटवर असा माणूस बसावा ज्याला आमची आडनावे माहीत नाहीत. आणि तोवर नेमणूक थांबवावी. सोबत नोंदवहीच्या पानाची प्रत जोडली, कारण पहिल्या चाचणीत मी का नापास झाले, हेही नोंदीत असायला हवे. पोचवर शिक्का घेतला.

त्या चाचणीत मी नापासही होईन कदाचित. चालेल. पण तो निकाल माझ्या पायांचा असेल.

सरांनी काल तिसऱ्यांदा बोलावून अर्ज मागे घ्यायला सांगितले. मी तिसऱ्यांदा नाही म्हटले. उद्या बोलावले तरी नाहीच म्हणणार आहे.