अडकलेल्यांची आगाऊ नोंदणी

सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी लिफ्टचा मेकॅनिक तिसऱ्या मजल्यावर उकिडवा बसला होता. दाराच्या चार बोटांच्या फटीतून त्याने एक पत्रक आत सरकवलं. आत, दोन मजल्यांच्या मधोमध, शिकवण्या घेणाऱ्या एक बाई अडकल्या होत्या.

"हे काय?"

"माझं पुस्तक येतंय. आगाऊ नोंदणी केलीत तर पंचवीस टक्के सवलत."

"आधी मला बाहेर काढा हो!"

"काढतोच. वर जाऊन हाताने चाक फिरवावं लागतं, दहा मिनिटं जातील. तोवर वाचून घ्या."

बाईंनी वाचलं. दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच. बाहेर आल्यावर त्यांनी दोन प्रती नोंदवल्या. अडकलेला वाचक चोखंदळ नसतो, हे प्रकाशकांच्या अजून ध्यानात आलेलं नाही.

त्याचं हस्तलिखित चार प्रकाशकांकडे जाऊन आलं होतं. दोघांनी उत्तर दिलं नाही. तिसऱ्याने कादंबरी लिहायचा सल्ला दिला. चौथ्याने आमच्या कार्यालयाची लिफ्ट कुरकुरते, कधी येता, असं विचारलं. तो गेला, कुरकुर बंद केली आणि हस्तलिखित काखोटीला मारून परत आला. मग वाचकांकडूनच पैसे गोळा करून स्वतः छापायचं ठरलं. मुद्रक म्हणाला, दोनशे प्रतींचे पैसे आधी, कागद मग.

पुस्तक त्याच्या बावीस वर्षांच्या नोकरीचं होतं. कंपनीच्या वहीत तीन रकाने असतात: तक्रार आली, पोहोचलो, सुटका झाली. मधल्या वेळात आतला माणूस काय बोलतो, याला रकाना नाही. ते त्याने घरी येऊन लिहून ठेवलं होतं. नाव कुणाचंच नाही, फक्त मजला.

दहा प्रती घेणाऱ्याला 'आश्रयदाता' म्हणायचं आणि एक प्रकरण आधी वाचायला द्यायचं, ही कल्पना त्याचीच. प्रत्येकाला त्याने त्याच्याच अडकण्याचं प्रकरण पाठवलं. माणसाला स्वतःविषयी वाचायला आवडतं, असा त्याचा समज होता. आवडतं. खरं तेवढं नको असतं.

पहिला फोन दातांच्या डॉक्टरांचा आला. "घामाघूम झाले होते" हे त्यांना खटकलं. "किंचित उकडत होतं" असं करा म्हणाले. त्याने केलं. दहा प्रती म्हणजे काही थोड्या नव्हेत.

मग सोसायटीच्या अध्यक्षांनी घरी बोलावलं. सातवा मजला, मऊ सोफा. एकशे साठ प्रती नोंदल्या गेल्या होत्या आणि मुदतीला दोन दिवस उरले होते.

"प्रकरण झकास जमलंय," अध्यक्ष म्हणाले. "पण तुम्ही लिहिलंय की सातव्या मजल्यावरचे गृहस्थ दारावर लाथा घालत होते आणि मोठ्या भावाची माफी मागत होते."

"मागत होतात."

"अहो मिस्त्री, मी सोबतच्यांना धीर देत होतो!"

"सोबत कोण होतं? तुम्ही एकटेच होतात."

"मग घाला की कुणीतरी! एक म्हातारी घाला. एखादं लहान मूल घाला. पुस्तक तुमचंच आहे, तुम्हाला कोण विचारणार?" अध्यक्ष पुढे झुकले. "आणखी चाळीस प्रती घेतो. पैसे आत्ता."

एकशे साठ आणि चाळीस किती होतात, हे सांगायला मेकॅनिक लागत नाही. "उद्या सांगतो," म्हणून तो उठला.

घरी त्याने बायकोला सांगितलं. सगळं हस्तलिखित तिनेच टाइप केलं होतं, तेही आपल्या कचेरीच्या संगणकावर, साहेबांची नजर चुकवून.

"एका म्हातारीने काय बिघडतंय?" तो म्हणाला.

"काहीच नाही. घाला ना. डॉक्टरांचा घाम पुसलातच, आता ही म्हातारी. असं करत करत शेवटी लिफ्ट कधी बंदच पडली नव्हती, असं छापाल."

"अगं, चाळीस प्रती आहेत!"

"असू देत. पण अहो, मग बावीस वर्षं तुम्ही करत काय होतात, तेही एकदा लिहा."

त्याने जेवण उरकलं. मग कागद काढून त्याने डॉक्टरांना पुन्हा घामाघूम केलं.

दुसऱ्या दिवशी त्याने दोघांनाही फोन केले. डॉक्टरांनी थंडपणे पैसे परत मागितले. अध्यक्ष तापले. "माझ्या आधीच्या दहासुद्धा रद्द करा! आणि तुमच्या कंपनीकडे लेखी तक्रार करतो मी!"

"करा. त्याला रकाना आहे."

दोन आश्रयदाते गेले आणि प्रती एकशे चाळीसवर आल्या. मुद्रकाने बरीच कुरकुर केली, तिला याच्याकडे इलाज नव्हता. अखेर मुखपृष्ठ रंगीत न करता काळ्या शाईत करायचं आणि मेकॅनिकने नफ्याचं नाव काढायचं नाही, यावर सौदा पटला. नफ्याचं नाव त्याने तसंही कधी काढलं नव्हतं.

छपाई उद्या दुपारी सुरू होते. त्याआधी, सकाळी साडेनऊला, अध्यक्षांच्या इमारतीतल्या लिफ्टची मासिक तपासणी आहे. तिला तासभर लागतो, आणि तेवढा वेळ सातव्या मजल्यावर जिन्याने जावं लागतं.